आधी एक सत्र अभ्यासाचं

अमेरिकेत कॉलेजचं पहिलं सत्र सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात, तोच अनेक विद्यापीठांत फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी या अनुक्रमे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी-संघटनांची ‘रश’, म्हणजे नव्या सभासदांची निवड, सुरू होते. तिथल्या मराठी घरांतही मग चर्चा रंगते: अभ्यास सांभाळून हे जमेल का?

या संघटनांना पार्ट्यांचे अड्डे म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं ठरेल. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या अल्फा फाय अल्फा या फ्रॅटर्निटीची मुळं एका अभ्यासमंडळात होती. आजही अनेक शाखा किमान जीपीएची, म्हणजे सरासरी गुणांकाची, अट घालतात. काही ठिकाणी नव्या सभासदांना दर आठवड्याला ठरावीक तास लायब्ररीत बसावं लागतं. शिवाय घरापासून दूर आलेल्या मुलांना सीनियरचा सल्ला आणि हक्काची माणसं मिळतात.

मात्र वेळेचा हिशेब कठोर असतो. साप्ताहिक बैठका, निधी संकलन, समारंभ यांच्या तारखा मध्यसत्र परीक्षा पाहून ठरत नाहीत आणि गैरहजेरीला अनेकदा दंड असतो. नवख्यांना नकार देणं जड जातं. ‘हेझिंग’चं, म्हणजे प्रवेशाच्या नावाखाली नवख्यांच्या छळाचं, सावट वेगळंच: २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात प्रवेशविधीच्या रात्री अतिमद्यपान करवलेला १९ वर्षांचा विद्यार्थी पडून जखमी झाला आणि दगावला.

एका अमेरिकी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरील अभ्यासात फ्रॅटर्निटी-सदस्यत्वामुळे जीपीए सुमारे ०.२५ने घटतो, पण पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं, असं आढळलं. एका कॉलेजवरून सर्वत्र तसंच घडतं असं म्हणता येत नाही. तरी गुणांचा तोटा लगेच दिसतो आणि ओळखींचा लाभ उशिरा, हे त्यातून कळतं. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्याला हा तोटा परवडणार नाही. दुसऱ्या कुणाला परवडेलही.

म्हणूनच आमचा कल बंदीकडे नाही, विलंबाकडे आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०१२पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रशमध्ये भाग घेण्यास मनाई केली. पूर्ण वर्ष कदाचित जास्त होईल. पण एक सत्र थांबणं रास्त वाटतं. अर्थात एकटेपणाचे पहिले महिने आधाराविना जाऊ नयेत, ही जबाबदारी मग कॉलेजनेच उचलायला हवी. सत्राअखेर हातात निकाल असेल. तो पाहून आठवड्याचे किती तास देता येतील, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावं.