विश्लेषण : मनी प्लांट की स्नेक प्लांट? घरात कोणते रोप टिकेल?

शहरातल्या कुठल्याही रोपवाटिकेत ‘फार लक्ष द्यावे लागणार नाही असे काहीतरी द्या’ म्हटले, की विक्रेत्याचा हात हमखास दोन रोपांकडे जातो. एक मनी प्लांट आणि दुसरे उभ्या, जाड, तलवारीसारख्या पानांचे स्नेक प्लांट. दोन्हींबद्दल सांगितले जाते ते एकच : काही करावे लागत नाही, मरत नाही, हवा शुद्ध करते. पहिले विधान अर्धे खरे आहे. दुसरे खोटे आहे, कारण ही दोन्ही रोपे घरोघरी मरतात, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. तिसऱ्या विधानाच्या जोरावर सध्या सर्वाधिक विक्री होते आणि नेमके तेच सर्वांत पोकळ आहे.

दोन्ही रोपे मूळची कुठली?

मनी प्लांट म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरचा वेल. दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला धरून वर चढणारा. कुळ अळूचे. त्याला फूल जवळपास येतच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या जनुकातच दोष असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे घराघरांतले मनी प्लांट हे कुणाच्या तरी फांदीची फांदी, तिचीही फांदी असेच वाढत आले आहेत. ‘चोरून आणलेला मनी प्लांटच लागतो’ ही समजूत कुठून आली असावी, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतले, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातले. पूर्वी त्याला सॅन्सेव्हिएरिया म्हणत, अलीकडच्या वर्गीकरणात ते ड्रॅसिना गणात गेले. त्याची एक भावकी भारतातही आहे. तिच्या पानांचे धागे इतके चिवट, की इंग्रजीत तिला धनुष्याच्या दोरीचा ताग अशा अर्थाचे नाव पडले. जाड पानांत आणि जमिनीखालच्या आडव्या खोडात पाणी साठवून ठेवणे हा या रोपाचा स्वभाव. पुढचा सगळा फरक इथूनच सुरू होतो.

पाणी कोण घालते, हा प्रश्न आधी का विचारावा?

रोप निवडताना लोक घर पाहतात : खिडकी कुठे, कोपरा किती मोठा, सोफ्याचा रंग कोणता. खरे तर आधी पाहायला हवा तो पाणी घालणारा हात.

अनेक मराठी घरांत सकाळी पूजा आटोपली, की तुळशीला पाणी घातले जाते आणि तांब्यात उरलेले पाणी ओळीने सगळ्या कुंड्यांत जाते. यात माया असते, पण स्नेक प्लांटसाठी तीच जीवघेणी ठरते. रोज भिजणाऱ्या मातीत त्याच्या मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि मुळे कुजतात. बाहेरून काही दिवस काहीच कळत नाही, कारण पानांत साठा असतो. मग एके दिवशी पान बुडाशी मऊ पडते, आडवे होते आणि ओढल्यावर हातात येते. तोवर वेळ गेलेली असते. पान पडले म्हणून ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी घातले, तर उरलेसुरले रोपही जाते.

स्नेक प्लांटला माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी हवे. उन्हाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते, की घरातल्या कुंडीत महिनाभर पाणी घातले नाही तरी बिघडत नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी. ओल लागली तर तांब्या परत न्यावा.

मनी प्लांटचे उलट आहे. पाण्याची चूक झाली की तो लगेच बोलतो. माती सुकली की पाने मलूल होऊन लोंबतात, पाणी मिळाले की काही तासांत ताठ होतात. थोडे जास्त पाणीही तो निभावून नेतो, मात्र कुंडीला खाली भोक हवे. पाने एकामागून एक पिवळी पडू लागली, तर बहुतेक वेळा पाणी जास्त होत आहे, असे समजावे. मात्र गणपतीला दहा दिवस गाव, दिवाळीला आठवडाभर माहेर आणि मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद, असा शिरस्ता असेल तर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात परत येईपर्यंत मनी प्लांटचे वाळलेले दोर उरतात. स्नेक प्लांटला तुम्ही गेलात हे कळतही नाही.

प्रकाशाचे काय?

‘अंधारातही वाढते’ हे दोन्हींबाबत सांगितले जाते. अंधारात कुठलेच रोप वाढत नाही, काही रोपे हळूहळू उपाशी राहतात इतकेच. स्नेक प्लांट अशा उपासात वर्षभरही उभे राहते, पण नवे पान काढत नाही. मनी प्लांट कमी प्रकाशात लांब, किडकिडीत होतो, दोन पानांतले अंतर वाढते आणि पानावरचे पिवळे-पांढरे पट्टे जाऊन पाने नुसती हिरवी होतात. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते अशी जागा दोन्हींना चालते. दुपारचे थेट ऊन मनी प्लांटची पाने करपवते. स्नेक प्लांट सकाळचे ऊन आनंदाने घेते, पण सावलीतले रोप एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवले तर त्यालाही डाग पडतात.

ही रोपे खरेच हवा शुद्ध करतात का?

या दाव्याचे मूळ १९८९ मध्ये आहे. अमेरिकेच्या ‘नासा’साठी बी. सी. वुल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त, हवाबंद पेट्यांत रोपे ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, ट्रायक्लोरोइथिलिन यांचे प्रमाण किती घटते हे तपासले. प्रमाण घटले, हे खरे. पण अवकाशयानासारख्या बंद जागेचा विचार करून केलेला तो प्रयोग होता. दारे-खिडक्या, स्वयंपाकघर, पंखे आणि रस्त्यावरची धूळ असलेले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे.

२०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील ब्रायन कमिंग्ज आणि मायकल वॉरिंग यांनी तोवरच्या १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. इमारतीत हवा खेळती राहिल्याने जेवढी रसायने आपोआप बाहेर जातात, तेवढी रोपांकरवी काढायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. दहा बाय दहाच्या खोलीचा हिशेब केला तर किमान नव्वदेक कुंड्या. मग माणसांना गच्चीत झोपावे लागेल.

भारतात या समजुतीला आणखी बळ मिळाले ते दिल्लीतील कमल मीटल यांच्या २००९ मधील टेड व्याख्यानाने. अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट या तीन रोपांनी घरातली ताजी हवा ‘पिकवता’ येते, असे त्यांनी सांगितले. मात्र त्यांच्या कार्यालयाच्या इमारतीत ३०० लोकांसाठी १२०० रोपे होती. व्याख्यान पाहून दोन कुंड्या आणणाऱ्यांच्या हा आकडा सहसा लक्षात राहत नाही.

स्नेक प्लांट ‘रात्री ऑक्सिजन देते, म्हणून शयनगृहात ठेवा’ ही जाहिरात तर विज्ञानाच्या अर्धवट वाचनातून आली आहे. हे रोप पाणी वाचवण्यासाठी पानांवरची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते आणि रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते, हे बरोबर. पण ऑक्सिजन सुटतो तो पाण्याच्या रेणूचे विघटन होताना, आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री तो तयार होत नाही. शिवाय प्रौढ माणसाला दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर ऑक्सिजन लागतो. कुंडीतल्या एका रोपाचे योगदान त्यापुढे नगण्य. त्याच न्यायाने, रात्री खोलीत झाड ठेवले तर गुदमरायला होते, ही जुनी भीतीही निराधार आहे. दमा असलेल्या मुलाच्या खोलीत औषधोपचाराऐवजी किंवा उघड्या खिडकीऐवजी कुणी कुंडी ठेवत असेल, तर मात्र हा निरुपद्रवी गैरसमज राहत नाही.

पाण्याच्या बाटलीतला मनी प्लांट आणि डेंग्यू

मनी प्लांटबाबत सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे आणि सजावटीच्या सल्ल्यांत त्याला जागा नसते. काचेच्या बाटलीत पाणी भरून, त्यात फांदी सोडून दिवाणखान्यात ठेवणे हा अनेक घरांतला आवडता प्रकार. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला नेमके हेच हवे असते : स्वच्छ, साचलेले पाणी, सावली आणि जवळ माणसे. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच महापालिकांचे कर्मचारी पावसाळ्यात घरात आले, की पिंपाबरोबर मनी प्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटलीही पाहतात. ती झडती अनेकांना अपमानास्पद वाटते. पण ती योग्यच आहे.

नुसते पाणी ओतून देणेही पुरत नाही. डासाची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा फांदी काढून बाटली आतून घासून धुवायला हवी. हे जमणार नसेल, तर मनी प्लांट मातीतच लावावा. बाटलीतल्या मनी प्लांटला ‘कमी देखभालीचे रोप’ म्हणणे ही फसवणूक आहे. स्नेक प्लांटच्या कुंडीखाली ताटली कोरडी ठेवली, की हा धोका उरत नाही.

लहान मुले आणि मांजर असलेल्या घरात?

अळू नीट शिजले नाही, आमसूल किंवा चिंच पडली नाही की घसा खाजतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मनी प्लांटचा धोका वेगळा समजावून सांगायला नको. कुळ तेच आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिकही तसेच. रांगत्या मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. तोंड धुऊन पाणी पाजावे, ओकारी काढू नये, सूज वाढली किंवा गिळता येईना तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असतात. मांजर-कुत्र्याने पान खाल्ले तर उलटी, जुलाब होऊ शकतात. दोन्ही रोपे पूर्ण निर्धोक नाहीत. पण मनी प्लांट लोंबतो, वाऱ्याने हलतो आणि मांजराला खेळायला बोलावतो. तो उंच टांगला तरी महिनाभरात पुन्हा खाली पोहोचतो.

मग निवड कशी करावी?

घरात दोघेही नोकरीला, वर्षात दोन-तीनदा घर बंद, खिडकीत बऱ्यापैकी उजेड आणि झाडाकडे पाहायला वेळ नाही, अशा घरासाठी स्नेक प्लांट. आजच्या शहरी मराठी घरांपैकी अनेकांची स्थिती हीच असल्याने पारडे त्याच्याच बाजूने झुकते. किंमत अधिक असली तरी एकदाच द्यावी लागते. लाल मातीत निम्मी वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा आणि मोठ्या कुंडीचा मोह टाळावा. मोठी कुंडी जास्त काळ ओली राहते.

पण घरात आजी-आजोबा आहेत, सकाळी झाडांशी बोलल्याशिवाय ज्यांचा चहा गोड लागत नाही, तिथे स्नेक प्लांट नेऊ नये. ते प्रेमाने मरेल आणि ज्याने पाणी घातले त्यालाच बोल लागेल. तिथे मातीतला मनी प्लांट हवा. तो रोज काहीतरी करून दाखवतो, नवे पान उलगडतो, शेजारी देण्याजोग्या फांद्या देतो. पेराखाली कापलेल्या फांदीला पाण्यात दोन आठवड्यांत मुळे फुटतात, मग ती मातीत लावावी. स्नेक प्लांटचे पान कापून लावले तर नवा कोंब यायला महिने लागतात आणि पिवळ्या काठाच्या जातीचे रोप हिरवेच निपजते. काठ हवा असेल तर मुळाशी आलेले पिल्लू वेगळे करावे.

एक काळजी दोन्हींबाबत घ्यावी. छाटलेला मनी प्लांट टेकडीवर, नाल्याकाठी किंवा गावच्या आमराईच्या कडेला टाकू नये. घरात तळहाताएवढी राहणारी त्याची पाने झाडावर चढल्यावर सुपाएवढी होतात आणि खालच्या झाडांचा उजेड अडवतात. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा इथे तो असाच जंगलात घुसला आहे. छाटणीचे तुकडे वाळवून मगच खताच्या टोपलीत टाकावेत, कारण ओल्या तुकड्याचे एक पेर जगले तरी त्यातून नवा वेल उभा राहतो. स्नेक प्लांटही जमिनीखालच्या खोडातून पसरते. सोसायटीच्या बागेत ते लावायचे झाल्यास कुंडीसकट पुरावे.