विश्लेषण : बाइकचे हेल्मेट कार रेसिंगला का चालत नाही?

पहिल्यांदाच ऑटोक्रॉस किंवा रॅलीत उतरणारा हौशी चालक टायरवर आठवडाभर विचार करतो, सस्पेन्शनवरून मित्रांशी वाद घालतो आणि हेल्मेट मात्र घरातले, बाइकचे उचलून नेतो. स्पर्धेच्या सकाळी स्क्रूटिनिअरिंग, म्हणजे गाडी आणि साहित्याची तपासणी होते, तेव्हा ते हेल्मेट बाजूला ठेवले जाते. ‘आयएसआय मार्क आहे, चांगले महागाचे आहे’ या युक्तिवादाचा तिथे उपयोग नसतो. एखाद्या छोट्या स्पर्धेत ते चालवूनही घेतले जाते. ती अधिक काळजीची गोष्ट आहे.

दोन्हींत फरक काय?

आयएसआय मार्क खोटा नाही. दुचाकीच्या हेल्मेटसाठी ‘आयएस ४१५१’ हे भारतीय मानक आहे आणि १ जून २०२१ पासून देशात आयएसआय मार्क नसलेले दुचाकी हेल्मेट विकता येत नाही. पण ते मानक दुचाकीवरून फेकल्या जाणाऱ्या माणसाचा विचार करते. त्याचे डोके रस्त्यावर, दगडावर, फुटपाथच्या कडेवर आपटते.

रेसिंग कारमधला चालक फेकला जात नाही. तो पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो आणि त्याच्या डोक्यापासून काही इंचांवर रोल केजचे लोखंडी पाइप असतात. गाडी दोन-तीन कोलांट्या घेते तेव्हा डोके त्याच पाइपवर पुन:पुन्हा आदळू शकते. शिवाय इंधन सांडून आग लागली तर पट्टे सोडवून बाहेर येईपर्यंत तो ज्वाळांत असतो. म्हणून कारच्या हेल्मेटची चाचणी वेगळी. रोल बारसारख्या गोल दांड्यावर ते एकाच जागी लागोपाठ आपटले जाते. कवच, काच आणि हनुवटीच्या पट्ट्यावर प्रोपेनची ज्योत धरून ते पेट धरते का, धरल्यास किती वेळात विझते, हे पाहिले जाते. बाइकच्या हेल्मेटला ही अग्निपरीक्षा द्यावीच लागत नाही.

‘एसए’ ही अक्षरे आली कुठून?

१९५६ मध्ये अमेरिकेत पीट स्नेल हा हौशी स्पोर्ट्स कार रेसर शर्यतीत डोक्याला मार लागून मरण पावला. त्याने हेल्मेट घातले होते, त्या काळातले उत्तम समजले जाणारे. तरी ते त्याला वाचवू शकले नाही. त्याच्या मित्रांनी, त्यांत डॉ. जॉर्ज स्नाइव्हली हे डॉक्टर होते, पुढच्याच वर्षी स्नेल मेमोरियल फाउंडेशन स्थापन केले आणि हेल्मेट आपटून-फोडून तपासायला सुरुवात केली. आज जगभर मानले जाणारे हे मानक कुणा व्यावसायिक विजेत्याच्या नव्हे, तर हौशी चालकाच्या मृत्यूतून आले आहे.

स्नेलच्या लेबलवर ‘एम’ असेल तर ते मोटारसायकलचे, ‘के’ असेल तर कार्टिंगचे आणि ‘एसए’ असेल तर कार रेसिंगचे. मानक साधारण दर पाच वर्षांनी सुधारले जाते : एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५. ‘एम’ आणि ‘एसए’ यांतला घोटाळा सर्वांत जास्त होतो, कारण एकाच कंपनीची दोन हेल्मेट दिसायला जुळी भावंडे असतात. एसए हेल्मेटची समोरची खिडकी मात्र अरुंद असू शकते. त्यामुळे उलटही लक्षात ठेवावे : आयएसआय मार्क नसलेले रेसिंग हेल्मेट घालून स्कूटर चालवणे कायद्यातही बसत नाही.

दुसरे मानक आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाचे, म्हणजे एफआयएचे. हौशी चालकाच्या आवाक्यातली श्रेणी ८८५९ : आधी ८८५९-२०१५ आणि आता ८८५९-२०२४. त्यावरची ८८६० ही श्रेणी फॉर्म्युला वनसारख्या स्पर्धांसाठीची. अमेरिकेतले ‘डीओटी’ आणि युरोपचे ‘ईसीई २२’ हे शिक्के दुचाकीचे आहेत. डीओटीचे प्रमाणपत्र तर उत्पादक स्वत:च स्वत:ला देतो.

कोणती आवृत्ती चालेल, हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेत दिलेले असते. भारतात एफएमएससीआय या महासंघाच्या परवान्याने होणाऱ्या स्पर्धेत उतरायचे तर पैसे भरण्याआधी ते पान वाचावे. लेबल बाहेर नव्हे, आत असते. स्नेलचे लेबल अस्तराखाली चिकटवलेले असते; अस्तर उचलून ते पाहावे, त्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा आणि ते मॉडेल स्नेलच्या वा एफआयएच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, हे फोनवर तिथल्या तिथे तपासावे. दुकानदार अस्तर उचलू देत नसेल तर दुकान बदलावे.

मानेचे काय?

२००१ मध्ये डेटोना इथे डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. धड पट्ट्यांनी थांबते, हेल्मेटसकट डोके पुढे जात राहते आणि सारा ताण मानेवर येतो. तो ताण खांद्यावर बसणारे ‘हान्स’ उपकरण घेते. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे आहे. त्याच्या दोऱ्या अडकवण्यासाठी हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अँकर लागतात. एसए २०१५ पासूनच्या हेल्मेटमध्ये त्यासाठी आटे असलेली जागा असते. जुन्या हेल्मेटला घरी ड्रिलने भोक पाडून अँकर बसवण्याचा उद्योग कुणी करू नये. आणि हान्स कंपनीच्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टवर काम करत नाही. दोन्ही खांद्यांवरून येणारे रेसिंगचे पट्टे हवेत.

महाग म्हणजे जास्त सुरक्षित?

तसे नाही. फायबरग्लासचे साधे हेल्मेट आणि कार्बन फायबरचे झळाळते हेल्मेट यांवर एकच लेबल असेल, तर दोन्ही एकच परीक्षा पास झाली आहेत. जादा पैसे प्रामुख्याने हलक्या वजनाचे असतात. हलके हेल्मेट मानेला बरेच, पण तंग बजेटमध्ये साधे हेल्मेट घेऊन उरलेले पैसे हान्सला लावणे अधिक शहाणपणाचे.

खरा फरक पडतो तो मापाने. भुवयांच्या साधारण इंचभर वरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, पण निर्णय घालून बघूनच घ्यावा, तोही अग्निरोधक टोपी चढवून. हेल्मेट हलवले की कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा आवळून मान पुढे झुकवावी आणि दुसऱ्याला मागून हेल्मेट वर ढकलायला सांगावे. ते निघाले तर माप मोठे आहे. पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवून कपाळावर एखाद्या जागी ठणका लागला, तर आकार आपल्या डोक्याचा नाही. नव्या माणसाला गाल आवळल्यासारखे वाटते आणि तो एक माप मोठे घेतो. ही सर्वांत सामान्य चूक. शेवटी ते घालून स्वत:च्या गाडीत बसावे : उंच चालकाचे हेल्मेट छोट्या हॅचबॅकमध्ये केजला टेकत असेल, तर आधी सीट खाली घ्यावी लागेल.

वापरलेले हेल्मेट घ्यावे का?

नाही. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. दबून तो धक्का शोषतो आणि पूर्ववत होत नाही. बाहेरून ओरखडाही नसतो, आत मात्र काम संपलेले असते. विकणारा ‘कधी पडले नाही’ म्हणतो, त्याला पुरावा नसतो. स्नेल तर साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगते, कारण घाम, तेल, डिंक, रंग हे सारे त्या थराला आणि कवचाला पोखरतात. म्हणूनच आवडीचा रंग मारण्याआधी उत्पादकाची सूचना वाचावी आणि हेल्मेट डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवू नये. आयोजकांनी स्पर्धकांना आळीपाळीने वापरायला ठेवलेल्या हेल्मेटलाही हेच लागू आहे : ते किती जणांच्या हातून किती वेळा पडले याची नोंद नसेल, तर ते तपासणीच्या टेबलावर असूच नये.