लेबलवरचे फळ आणि ग्लासातली दारू

कर्जत-भिवपुरीच्या फार्महाउसवर शनिवार-रविवारी जमणाऱ्या मंडळींत बिअर आणि व्हिस्कीच्या जोडीला वाइन आता चांगलीच रुळली आहे. वडीलधाऱ्यांसमोर व्हिस्कीची बाटली काढायला संकोचणारा माणूस वाइन मात्र बिनदिक्कत उघडतो. ‘ही काय, द्राक्षाचीच तर आहे’ हे समर्थन तयार असते. त्यात बाटलीमागच्या लेबलवर ब्लॅककरंट, रास्पबेरी, पेरू, मध, काळी मिरी अशी नावे छापलेली. वाचणाऱ्याला वाटते, एक तर हे सगळे आत घातले आहे किंवा ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत.

वाइनमध्ये फळ असते ते फक्त द्राक्ष. यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करते आणि त्याच वेळी शेकडो गंधद्रव्ये तयार होतात किंवा मोकळी होतात. त्यांपैकी काही द्रव्ये इतर फळांत, मसाल्यांत असतात तीच असतात. नाशिक भागात भरपूर होणारी सॉव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाइन घ्या. तिच्यातला पेरूसारखा वास ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, ती खऱ्या पेरूतही सापडतात. द्राक्षात ती बांधलेल्या, वास नसलेल्या रूपात असतात. यीस्ट ती सोडवते. याच वाइनला कधी कधी हिरव्या ढोबळ्या मिरचीचाही वास येतो. तोच वास काबर्ने सॉव्हिन्यों या लाल वाइनमध्येही आढळतो. ते नवल नाही, कारण काबर्ने सॉव्हिन्योंच्या वेलीच्या आईबापांपैकी एक सॉव्हिन्यों ब्लांकच आहे, हे डीएनए तपासणीत सिद्ध झाले आहे. द्राक्ष जितके पिकेल तितका हा हिरवा वास कमी होतो.

शिराझची गोष्ट तर आपल्या बांधावरची आहे. या लाल वाइनला काळ्या मिरीचा वास का येतो, याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये केला. त्या द्रव्याचे नाव रोटंडोन. ते मिरीतही असते. पण नाव आले ते नागरमोथ्याच्या ‘सायपरस रोटंडस’ या शास्त्रीय नावावरून, कारण ते त्याच्या कंदांत आधीच सापडले होते. कर्जतच्या भातशेतकऱ्याला जे तण डोकेदुखी वाटते आणि ज्याचे कंद दिवाळीच्या उटण्यात पडतात, तेच हे. गंमत म्हणजे सुमारे पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. त्यामुळे शेजारच्याला मिरी जाणवली आणि आपल्याला नाही, तर कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी आधी रस काढून घेतात. लालचा रंग आणि टॅनिन येते ते मुख्यतः साली-बियांतून. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि जीभ कोरडी पडते. यासाठी मराठीला परक्या शब्दाची गरज नाही. षड्रसांत ‘तुरट’ आहेच. जांभूळ, कच्चे केळे, सुपारी, कोरा चहा यांतला तुरटपणा तो हाच. काबर्नेमध्ये तो ठसठशीत असतो. ज्याने ब्लॅककरंट कधी चाखले नाही, त्याला पिकलेली करवंदे आणि जांभूळ आठवायला सांगावे, तो अधिक जवळ पोहोचेल. लेबल लिहिणाऱ्यांनीही हा विचार करायला हरकत नाही.

पांढऱ्या वाइनचा कणा म्हणजे आंबटपणा. शार्दने मात्र अनेकदा लोण्यासारखी लागते, कारण जिवाणू तिच्यातल्या मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्यात डायअसिटाइल तयार होते. लोण्याचा वासही त्याचाच. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या शेनिन ब्लांकमध्ये सफरचंद, पेर, मध यांची आठवण येते आणि अनेकदा थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते. आंबटपणामुळे ती लपते, जशी लिंबू सरबतात लपते. मधुमेहींनी हे ध्यानात ठेवावे.

अर्थात जीभ आणि नाक फसतातही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन चवरहित लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला सांगितले आणि नाकाने ऐकले.

‘लाल म्हणजे हृदयाला चांगली’ हा समजही असाच रंगाने फसलेला आहे. 1991 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर फ्रेंच लोकांच्या आहाराची आणि हृदयविकाराच्या कमी प्रमाणाची चर्चा झाली आणि श्रेय लाल वाइनला मिळाले. नंतर रेस्व्हेरेट्रॉल या द्रव्याचा गाजावाजा झाला. प्रयोगशाळेत उंदरांना ते मोठ्या प्रमाणात दिले जाते. वाइनच्या लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. शिवाय ‘थोडी पिणारे’ अनेकदा सुखवस्तू असतात आणि ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जातात, त्यामुळे जुन्या अभ्यासांत पिणारे उगाच निरोगी दिसले. अल्कोहोलयुक्त पेयांना जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले.

राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद झाला. द्राक्ष बागायतदारांच्या हिताचा मुद्दा चर्चेला योग्य होता. हा युक्तिवाद मात्र साध्या गुणाकारात टिकत नाही. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे 15 ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगात सुमारे 10 ग्रॅम असते. म्हणजे एक ग्लास वाइन हा दीड पेग झाला आणि एक बाटली साडेसात.

पिणाऱ्याने चवीसाठी घ्यावी, औषध म्हणून नव्हे. न पिणाऱ्याने डॉक्टरचे नाव सांगून सुरू करू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर नकोच. वाइनमधील सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांना धाप लागते. पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्याकडे जाण्याआधी एक ग्लासही घेऊ नये, कारण शेवाळलेल्या दगडावर तोल सांभाळणारा मेंदूचा भाग अल्कोहोलने लवकर मंदावतो.

आणि रविवारची परतीची गाडी. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. उपाशीपोटी घेतलेल्या एका ग्लासने साठ किलो वजनाची स्त्री ती ओलांडू शकते, सत्तर किलोचा पुरुष तिच्या आसपास पोहोचतो. तेवढे अल्कोहोल यकृतातून निघून जायला साधारण दोन तास लागतात. काळी कॉफी, लिंबू सरबत किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही.