रिले बदलण्याआधी मोटर तपासा

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाडीला थांबून-थांबून चालणारा वायपर बसवून घ्यायला गिऱ्हाईक येते. रिले बसतो आणि चार दिवसांत वायपर काचेच्या मध्यावर अडकतो. मग दुसरा रिले, तिसरा रिले. पैसे गिऱ्हाइकाचे जातात, नाव मात्र कारागिराचे.

आमच्या मते यात रिले बहुधा निर्दोष असतो. तो मोटरला क्षणभर करंट देतो. उरलेली फेरी मोटर आपल्या आतल्या पार्किंग कॉन्टॅक्टवर पुरी करते. तो झिजला किंवा त्यावरचे ग्रीस सुकले, की वायपर मध्येच थांबणार. म्हणून रिले बसवण्यापूर्वीच जुन्या बटनावर वायपर चालवून अर्ध्यात बंद करावा. आपोआप खाली आला नाही तर दोष मोटरचा किंवा जुन्या वायरिंगचा. रिले बसवल्यावर वायपर खाली येताच फ्यूज उडू लागला, तर बहुधा जोडणी चुकली. अर्थची वायरही रंगावर कसू नये, पत्रा खरवडून घ्यावा.

ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, पण तिची मजुरी मागायला आपले कारागीर बंधू लाजतात आणि तूट सुट्या भागांत काढतात. आम्हाला हा व्यवहार पटत नाही. तपासणीचा भाव आधीच सांगून घ्यावा, मग रिले विकला जावो वा न जावो.