परतीच्या वाटेवरची भाकरी



आमच्या आत्याबाई खराडीला दिलेल्या. लग्न झालं तेव्हा खराडी म्हणजे पुण्याबाहेर नगर रस्त्याला, मुळा-मुठेच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव. आता ते महापालिकेत गेलंय, ज्वारीच्या रानात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. आत्याबाईंची जमीनही त्यातच गेली. मात्र दारी आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची खोड काही गेली नाही.

खराडीवरून पालखी जात नाही. आळंदीची माउलींची आणि देहूची तुकोबांची, दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री विसावतात, मग पहाटे निघून हडपसरला येतात. तिथं वाटा फुटतात. माउली दिवेघाट चढून सासवडला, तुकोबा लोणी काळभोरला. खराडीकरांना नदी ओलांडून मुंढव्यावरून हडपसर जवळ, म्हणून आत्याबाईंच्या भावकीतली पोरं त्या दिवशी टेम्पो भरून तिथं जातात.

एका साली नातवानं मोठ्या हौसेनं पिठलं-भाकरीचा बेत केला. रात्रभर बायका तव्यापुढं. टेम्पो निघायच्या वेळी आत्याबाईंनी विचारलं, "लेका, आज तिथी कोणती?" नातू गप्प. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. बोटं मोजून पाहा, हडपसर-दिवेघाटाची ती तीसेक किलोमीटरची मोठी चाल बहुधा एकादशीलाच येते. वारकरी त्या दिवशी भाकरी खाणार कशी? पण तो तुमचं मनही मोडत नाही. हात जोडून घेतो, पिशवीत ठेवतो, द्वादशीला सोडतो. भाकरी टिकते, पिठलं मात्र आंबतं. आत्याबाईंनी पिठल्याची पातेली उतरवून घेतली आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून दिली. पिठलं दोन दिवस गल्ली खात होती!

म्हणून माझ्या माय-बहिणींनो, तुमच्या गावावरून दिंडी जात असेल तर चूल पेटवण्याआधी पंचांग बघा. मग शेजारच्या गावाला विचारा, तुम्ही काय करणार? नाहीतर एका मैलात दहा ठिकाणी साबुदाणा आणि पुढं सहा मैल पाण्याचा थेंब नाही, असं होतं. रस्त्याकडेला टाकलेली खिचडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. टाकणाऱ्याला बोल लावू नका. पोट एकच असतं.

आणि खाणं हीच एक गरज नसते. भेगाळलेल्या टाचेला कोमट पाणी आणि तेल लागतं. चपलेचा अंगठा तुटला तर टाका घालणारा लागतो. वाटेवर चांभार, न्हावी, डॉक्टर फुकट सेवेला बसतात, ते काय उगीच? बाईमाणसाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर आतून कडी लागणारं न्हाणीघर. वारीत बाया किती असतात! ओली लुगडी बदलायची कुठं, आडोशाला जायचं कुठं, हे बाई तोंडानं मागत नाही. तुमच्या घरचं न्हाणीघर दोन तास मोकळं ठेवून दारात एक सून उभी केलीत, तर ते शंभर भाकऱ्यांच्या बरोबरीचं आहे, असं माझं मत.

तिकडं जपानात शिकोकू नावाच्या बेटावर ८८ देवळांची सुमारे बाराशे किलोमीटरची यात्रा लोक पायी करतात. वाटेवरचे लोक चालणाऱ्याच्या हातावर फळ, भात, कधी पैसे ठेवतात, आणि चालणारा आपल्या नावाची चिठ्ठी देतो. आपल्याकडं चिठ्ठी नाही. आपल्याकडं घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणाराही घेणाऱ्याच्या.

आता खरं सांगायचं ते. जाताना लाखोंची गर्दी, येताना? पंढरपूर झालं की बहुतेक मंडळी एसटीनं, रेल्वेनं घर गाठतात. पालखी मात्र आषाढी पौर्णिमेला काला करून निघते आणि सुमारे दहा दिवसांत आळंदीला परतते. जाताना अठरा-वीस दिवसांत तोडलेली वाट अर्ध्या वेळात तोडायची, म्हणजे रोजची चाल किती लांब ते बघा. बरोबर माणसं थोडी, पाऊस वरून. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही विदर्भात अशीच पायी परतते. तेव्हा रस्त्यावर मांडव नसतो, की टेम्पो नसतो.

त्या पिठल्याच्या साली आत्याबाई हट्टानं एकट्याच आषाढ वद्यात हडपसरला गेल्या. फडक्यात वीस भाकऱ्या, चटणी, तेलाची बाटली. दिवेघाट उतरून आलेली एक म्हातारी माउली त्यांच्या शेजारी टेकली. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी पदरात बांधली. आत्याबाईंनी तिच्या पायाला तेल लावलं, तिनं लावू दिलं. मग म्हातारीनं विचारलं, "तुमच्याकडं पेरण्या झाल्या का, बाई?"

"झाल्या," आत्याबाई म्हणाल्या.

"काय पेरलं?"

"बाजरी. चांगली उगवलीय."

घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, "देवाच्या माणसाशी खोटं बोलले बघ." यंदा त्या चाळीस भाकऱ्या नेणार आहेत.