रणांगणावरील कापडाची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारात प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात : एक वस्तूची आणि दुसरी तिच्या पुराव्याची. सोन्याच्या दागिन्यात पहिली किंमत मोठी, कारण दागिना मोडला तरी सोने शिल्लक राहते. जुन्या लष्करी पोशाखात मात्र पहिली किंमत जवळजवळ शून्य असते. पाऊणशे वर्षांपूर्वीचा विटलेला, घामाने डागाळलेला सुती सदरा चिंध्यांच्या भावानेही कोणी घेणार नाही. पण तो कोणत्या वर्षी, कोणत्या सैन्यासाठी शिवला गेला हे निर्विवाद ठरले, की अमेरिकेतील वा युरोपातील संग्राहक त्यासाठी शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजावयास सिद्ध होतो. जेथे वस्तूपेक्षा पुराव्याचे मोल अधिक, तेथे बनावट पुरावाही तयार होणारच. म्हणूनच या छंदाचा खरा आधार ऐपत नसून पारख हा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

सैनिकाने शत्रूच्या नजरेस पडू नये, ही कल्पना तशी अलीकडची. पूर्वी गणवेश मुद्दाम भडक रंगाचे असत, कारण दारूच्या धुरात आपला आणि परका ओळखू यावा. धुळीच्या रंगाचा पोशाख प्रथम रूढ झाला तो आपल्याच उपखंडात. फारसीतील ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरील कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने मातकट कपडे वापरावयास आरंभ केला आणि ‘खाकी’ हा शब्द पुढे जगभर गेला. त्यानंतरची पायरी छद्मावरणाची, म्हणजे कॅमोफ्लाजची. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने गिरां द सेवोला या चित्रकाराच्या नेतृत्वाखाली त्यासाठी स्वतंत्र विभागच उघडला. तोफा, निरीक्षणाच्या जागा आणि वाहने रंगांच्या ठिपक्यांनी झाकण्याचे काम तेथे चित्रकारांकडे सोपविले होते. मात्र हाताने रंगविलेले कापड लाखो सैनिकांना पुरणार नव्हते. यंत्रावर छापलेले छद्मावरणाचे कापड मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरात आणले ते इटलीने, १९२९ मध्ये, तेही तंबूसाठी. तेथपासून हा विषय कलावंताच्या कुंचल्याकडून कापडगिरणीच्या छपाईकडे आला आणि संग्राहकाचे कामही त्याच ठिकाणी सुरू होते.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने जे ठिपकेदार कापड स्वीकारले, त्याची आकृती नॉर्व्हेल गिलेस्पी या उद्यानतज्ज्ञ संपादकाने सिद्ध केली होती. बागेतील पानांवरची ऊन-सावली पाहण्याची सवय असलेल्या माणसाने ती युद्धासाठी कापडावर उतरविली. हे कापड दोन्ही बाजूंनी वापरता येई : एका अंगास हिरवी छटा, दुसऱ्या अंगास तपकिरी. संग्राहक त्याला ‘फ्रॉगस्किन’, म्हणजे बेडकाची कातडी, असे म्हणतात. पॅसिफिकच्या बेटांवर मरीन सैनिकांनी ते वापरले. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दुसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या काही तुकड्यांना ते देण्यात आले, तेव्हा मात्र निराळीच अडचण उभी राहिली. त्या रणभूमीवर ठिपकेदार पोशाख जर्मन वाफेन-एसएसच्या अंगावर दिसत असे. आपल्याच माणसास शत्रू समजण्याचा धोका निर्माण झाला आणि तेथील वापर थांबविण्यात आला. लपण्यासाठी केलेले कापड ओळखच पुसू लागले, तर ते जिवावर बेतते.

युद्धानंतर हेच कापड आणि त्याच्या नकला शिकारीच्या पोशाखांसाठी सर्रास वापरल्या गेल्या. बाजारात त्यांना ‘डक हंटर’ म्हणतात. छपाईचा तोंडवळा सारखाच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. अशा वेळी जाणकाराची दृष्टी ठिपक्यांवरून गुंड्यांकडे वळते. मरीन दलाच्या सदऱ्यावरील धातूच्या गुंड्यांवर दलाचे नाव उमटविलेले असे. शिकारीच्या सदऱ्याला साध्या गुंड्या. आता कोणी अस्सल गुंड्या काढून त्या शिकारीच्या सदऱ्यावर टाकल्या, तर? म्हणून गुंडीबरोबर तिचा दोराही पाहावा लागतो आणि दोऱ्याबरोबर जुन्या टाक्यांची भोकेही. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा न्यायालयाचा नियम येथेही लागू पडतो.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातील पोशाखांत हा साक्षीदार बहुधा कापडी लेबलाच्या रूपाने भेटतो. १९४८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने पानाफांद्यांची एक आकृती तयार केली होती. प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ईआरडीएल’ म्हणतात. जवळजवळ दोन दशके ती तशीच पडून होती आणि १९६७ च्या सुमारास ती व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या अंगावर आली. त्या काळच्या लेबलावर ‘डीएसए १००-६८-सी’ अशा धर्तीचा कंत्राट क्रमांक आढळतो. डीएसए म्हणजे संरक्षण पुरवठा संस्था, आणि मधले ६८ हे आर्थिक वर्ष. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष त्या वेळी १ जुलैला सुरू होत असे, म्हणून ६८ चे कंत्राट प्रत्यक्षात १९६७ च्या जुलैनंतरचेही असू शकते. ही संस्था १९६२ मध्ये कामाला लागली आणि १९७७ पासून तिचे नाव बदलून आद्याक्षरे ‘डीएलए’ झाली. मालाचा साठा क्रमांक प्रथम ११ आकडी होता. १९७४ पासून तो १३ आकडी झाला. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला पुढचे अनुमान क्षणात काढता येईल. ‘१९६८ मध्ये जंगलात वापरलेले’ म्हणून विकावयास आलेल्या सदऱ्याच्या लेबलावर १३ आकडे असतील, तर विक्रेत्याची कथा कितीही हृदयद्रावक असो, व्यवहार तेथेच थांबवावा.

तथापि लेबल नसणे हा नेहमीच दोष असतो, असेही नाही. त्याच युद्धात प्रसिद्धीस आलेला ‘टायगर स्ट्राइप’, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांचा पोशाख, अमेरिकी सैन्याच्या नियमित पुरवठ्यातील नव्हता. फ्रेंचांच्या पट्टेदार कापडावरून व्हिएतनामी दलांनी तो घेतला आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अमेरिकी विशेष दलांनी उचलला. तो स्थानिक आणि आसपासच्या देशांतील कारागिरांकडून शिवून घेतला जाई. त्यामुळे बहुतेक नगांवर ना कंत्राट क्रमांक, ना साल. कागदच नसलेल्या या मालाची वर्गवारी कशी करावी? रिचर्ड डेनिस जॉन्सन या अभ्यासकाने त्यासाठी कापडाच्या छपाईचाच आधार घेतला. पट्ट्यांचा आकार, त्यांची मांडणी आणि आकृतीची पुनरावृत्ती तपासून त्याने प्रकार ठरविले. त्याचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. छापाचा साचा एकच असेल, तर त्याचे वळण प्रत्येक तुकड्यात तेच उमटते. कापडाच्या व्यापाऱ्याला ठाणावरून गिरणी ओळखता येते, तसलाच हा प्रकार.

शिरस्त्राणांची गोष्ट याहून उद्‍बोधक आहे. अमेरिकेचे ‘एम-वन’ हे पोलादी शिरस्त्राण १९४१ मध्ये स्वीकारले गेले आणि दुसऱ्या महायुद्धात दोन कोटींहून अधिक तयार झाले. एवढ्या संख्येने असलेली वस्तू दुर्मीळ कशी म्हणावी? साधे शिरस्त्राण दुर्मीळ नाहीच. पण १०१ व्या हवाई छत्रीदलाच्या रेजिमेंटांनी त्यावर पत्त्यांची चिन्हे रंगविली होती : ५०१ ला चौकट, ५०२ ला बदाम, ५०६ ला इस्पिक आणि ग्लायडरने उतरणाऱ्या ३२७ ला किल्वर. नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकाचे असे शिरस्त्राण म्हणजे संग्राहकाच्या लेखी ठेवाच. आता साध्या शिरस्त्राणावर इस्पिक रंगविण्यास कितीसा वेळ लागतो? थोडा पांढरा रंग, थोडी मातीची पुटे, जुना पट्टा, आणि वस्तूची किंमत कित्येक पटींनी वाढली! येथे पोलादच सत्य बोलते. शिरस्त्राणाच्या कडेवर बसविलेल्या पट्टीचा सांधा आरंभी पुढे असे. १९४४ च्या उत्तरार्धात तो मागे नेण्यात आला. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या प्रथम पक्क्या जोडलेल्या होत्या, १९४३ पासून त्या हलत्या झाल्या. सांधा मागे असलेले शिरस्त्राण ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर असू शकत नाही. शिरस्त्राणावर चढविण्याच्या कापडी खोळींचेही तसेच. मरीन दलाच्या पहिल्या खोळीत फांद्या खोवण्यासाठी चिरा नव्हत्या, दुसरीत त्या आल्या.

याशिवाय घरच्या घरी करता येण्याजोग्या काही साध्या चाचण्या आहेत. कापड शुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी चकाकीची द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली शिलाईचा दोरा निळसर चमकू लागला, तर १९४२ चा दावा संशयास्पद ठरतो. मात्र जुना सदरा मधल्या काळात आधुनिक साबणाने धुतला असेल, तर तोही चमकेल. म्हणून हा संकेत समजावा, निकाल नव्हे. सुटलेल्या दोऱ्याचे टोक जाळून पाहणे तर कापडपेठेत नवे नाही. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

या छंदातील सर्वांत मोठी हानी लबाडापेक्षाही पुष्कळदा सद्‍हेतूच्या माणसाकडून होते. वडिलांच्या संग्रहातील मळका सदरा सून प्रेमाने धुऊन इस्त्री करते, फाटका खिसा नव्या दोऱ्याने शिवते, गंजलेले शिरस्त्राण घासूनपुसून रंगविते. घर स्वच्छ होते, पुरावा मात्र नाहीसा होतो. डाग, ठिगळ आणि धुऊन फिके पडलेले लेबल हीच त्या वस्तूची खतावणी आहे. तिच्यावर नवी शाई फिरविली, की हिशेब कोणी मानत नाही. कापड उन्हापासून दूर ठेवावे, आम्लरहित कागदात सैल घडी घालावी, घडीच्या जागा मधूनमधून बदलाव्यात आणि दमट हवेपासून जपावे. सुताला चिकटलेला लोखंडाचा गंज कालांतराने सूतच खाऊन टाकतो, म्हणून पोलादी वस्तू कापडात गुंडाळून ठेवू नये.

भारतात हा छंद जोपासणाऱ्याने एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख घालणे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४० नुसार गुन्हा होता आणि नव्या न्याय संहितेतही तो तसाच आहे. २०१६ च्या आरंभी, पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, सैन्याने नागरिकांना लष्करी धर्तीचे कपडे न घालण्याचे आणि व्यापाऱ्यांना ते न विकण्याचे आवाहन केले होते. २०२२ च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश सादर झाला आणि पुढे त्याच्या आकृतीची नोंदणीही करण्यात आली. कापडाच्या धंद्यातील मंडळींनी हे विशेष ध्यानी ठेवावे. संग्रहातील जुना परदेशी पोशाख कपाटात शोभतो, रस्त्यावर नव्हे.

शेवटचा मुद्दा वारसाचा. संग्राहकाचे ज्ञान त्याच्या डोक्यात असते आणि वस्तू कपाटात असतात. तो गेल्यावर कपाट उघडते, डोके मात्र कायमचे मिटलेले असते. मग कवडीमोलाने विक्री होते किंवा एखादा गोडबोल्या खरेदीदार उत्तम नग निवडून घेऊन जातो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक नगासाठी वहीत एक पान असावे : खरेदीचा दिनांक, विक्रेता, दिलेली रक्कम, लेबलावरील अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे, छायाचित्र, आणि जेथे शंका आहे तेथे ती शंकाही प्रांजळपणे नोंदलेली. पावती त्याच पानाला जोडावी आणि घरातील निदान एका व्यक्तीला ती वही कोठे आहे हे ठाऊक असावे. संग्राहकांत एक शहाणपण रूढ आहे, वस्तू विकत घ्यावी, तिची कथा नव्हे. त्याला एवढीच जोड द्यावी, की स्वतः विकावयास बसल्यावरही वस्तूच विकावी आणि न पटलेली कथा तिच्या किमतीत मिळवू नये. ज्या बाजारात बनावट मालाची भीती मोठी, त्या बाजारात सचोटीच्या विक्रेत्याचा शब्द हाच सर्वांत दुर्मीळ नग असतो.