रस्ता सार्वजनिक, चेहरा नव्हे

गेल्या हिवाळ्यात येथील आपल्याच मंडळींनी भरविलेले छायाचित्रांचे एक प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस आला. प्रदर्शन हौशी लोकांचे होते. आणि हौशी म्हणजे बहुतेक आपलेच बंधू, नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आलेले, दौऱ्यावर हिंडणारे, खिशात मोबाइल आणि क्वचित गळ्यात कॅमेरा बाळगणारे अधिकारी. चित्रे वाईट नव्हती. काही तर फारच चांगली होती, आणि हेच आमच्या अस्वस्थतेचे कारण झाले. एका चित्रात सार्वजनिक नळावर केस धूत असलेली एक मध्यमवयीन बाई होती. तिने नुकतीच मान वर केली होती, आणि कॅमेरा आपल्याकडे रोखलेला दिसताच तिचा एक हात पदराकडे चालला होता. तो हात पदरापर्यंत पोहोचण्याच्या आत चित्र निघाले होते. खाली मथळा होता : 'लज्जा'. त्या चित्रास पहिले पारितोषिक मिळाले.

आम्ही त्या गृहस्थांना विचारले, "ह्या बाईंचे नाव काय हो?"

ते हसून म्हणाले, "नाव कशाला हवे? नळ रस्त्यावरचा, रस्ता सार्वजनिक. आणि कायद्याने कोठे बंदी आहे?"

भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्या उत्तराचा आणि त्या डोलावलेल्या मानांचा समाचार घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहो.

प्रथम कायद्याचाच प्रश्न घेऊ; कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा जन्म कलमे चाळण्यात गेला आहे. सार्वजनिक जागी परक्या माणसाचे छायाचित्र घेण्यास आपल्या देशात सरसकट बंदी नाही, हे आम्ही विनातक्रार मान्य करतो. उलट 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारा. ज्याचा चेहरा त्यात आहे त्याचा त्या चित्रावर केवळ त्या चेहऱ्यापायी काहीही हक्क उत्पन्न होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ई हे कलम आहे. पण ते शरीराच्या गुप्त भागांचे चित्र संमतीवाचून घेण्यापुरते. फौजदारी कायद्यात 2013 साली एक कलम आले आणि आज ते भारतीय न्याय संहितेत 77 व्या क्रमांकाने नांदते. पण तेही स्त्री खाजगी कृत्यात असताना तिला चोरून पाहणाऱ्या वा टिपणाऱ्यापुरते. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानेही खाजगी वा घरगुती कामासाठी माहिती बाळगणाऱ्या व्यक्तीस मोकळे सोडले आहे. तात्पर्य, नळावरच्या बाईने वकील गाठला असता तरी त्या बिचाऱ्याला कलम शोधताना घाम फुटला असता.

परंतु एवढ्यावर विजय मानून घरी जाणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही थोडे थांबावयास सांगू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने असा निर्णय दिला की, खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क होय. त्या निकालपत्रात असेही स्वच्छ म्हटले आहे की, माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानेच त्याचा खाजगीपणा नष्ट होत नाही. तो हक्क जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. आता हा मूलभूत हक्क मुख्यतः कोणाविरुद्ध? शासनाविरुद्ध. आणि दौऱ्यावर, सरकारी गाडीतून उतरून, शिपायाच्या सोबतीने जो कॅमेरा रोखला जातो, तो निव्वळ हौशी नागरिकाचा कॅमेरा आहे असे कोण म्हणेल? समोरच्या माणसाला तरी तो तसा दिसत नाही. 'कायद्याने कोठे बंदी आहे' हे वाक्य एखाद्या प्रवाशाने उच्चारले तर समजू शकते. अधिकाऱ्याने ते उच्चारावे ह्यात मात्र मोठे अज्ञान आहे, किंवा मोठी सोय आहे.

शिवाय, रस्त्यावरचा चेहरा बेवारशी असतो हा काही निसर्गाचा नियम नव्हे. जर्मनीत बिस्मार्क 1898 साली वारला, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या घरात शिरले आणि त्यांनी प्रेताचे चित्र घेतले. त्या प्रकरणाने देश ढवळून निघाला, आणि 1907 साली तेथे कायदा झाला की, माणसाचे चित्र प्रसृत करावयाचे वा लोकांपुढे मांडावयाचे तर त्याची संमती हवी. त्या कायद्याला अपवाद आहेत आणि तेही शहाणपणाचे आहेत : समकालीन इतिहासातील व्यक्ती, सभा व मिरवणुका, आणि ज्या देखाव्यात माणूस केवळ आनुषंगिक आहे असा देखावा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सतरा वर्षांची एक मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसली होती. तिचे चित्र न विचारता एका कलाविषयक मासिकात छापले गेले. चित्र निर्दोष होते. पण शाळेत मुले तिला हसली. 1998 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची दोन हजार डॉलरांची भरपाई कायम केली. कलेसाठी घेतले म्हणून संमतीची गरज संपत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उलट न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरमधून जाणाऱ्या एका धर्मनिष्ठ ज्यू वृद्धाचे चित्र त्याच्या नकळत घेऊन हजारो डॉलरांना विकले गेले. त्याच्या धर्मभावनेला ते सोसवेना. पण 2006 साली न्यायालयाने ती कला ठरवून त्याचा दावा फेटाळला. म्हणजे सुधारलेल्या देशांतही ह्याविषयी दोन मते आहेत. ज्या बाबतीत दोन मते आहेत, तेथे निवड करावी लागते. आणि निवड करणाऱ्याने कायद्याच्या मौनामागे दडू नये.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही स्वतःच मांडतो. 1943 च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राने रस्त्यावर भुकेने मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली. सरकार जे झाकू पाहत होते ते त्या चित्रांनी जगापुढे उघडे केले. त्या मरणोन्मुख माणसांची परवानगी कोणी घेतली होती? नव्हतीच घेतली, आणि ती चित्रे छापली गेली हे योग्यच झाले, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. साक्षीदाराने साक्ष देण्यापूर्वी मृताची अनुमती मागावयाची नसते. दंगा, दुष्काळ, पोलिसांची लाठी, पूल कोसळलेला, धान्य सडलेले, ह्यांची चित्रे घेतलीच पाहिजेत. आणि असल्या वेळी जो अधिकारी संमतीचा प्रश्न काढून कॅमेरा हिसकावून घेतो, त्याला दुसऱ्याच्या अब्रूची नव्हे, स्वतःच्या खुर्चीची काळजी असते. परंतु आमच्या मित्राला आम्ही विचारतो : नळावरच्या बाईच्या चित्रात आपण कशाची साक्ष दिलीत? तिच्यावर कोणता अन्याय झाला होता? झाला असेल तर तो करणारे आपणच होता, आणि आपल्या साक्षीचा मथळा 'लज्जा' असा होता!

साक्षीदारालाही एक ऋण असतेच. अमेरिकेत 1936 साली डोरोथिया लँग ह्या छायाचित्रकर्त्या बाईंनी कॅलिफोर्नियात वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका मातेचे चित्र घेतले. ते जगप्रसिद्ध झाले. लँगबाई सरकारी खात्याच्या नोकरीत होत्या, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. चित्र छापून येताच सरकारने छावणीकडे अन्न धाडले. तोवर ती माता मुलांसह पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्प्सन हे तिचे नाव लोकांस कळावयास 1978 साल उजाडावे लागले, आणि तेव्हा त्या वृद्धेने आपणांस त्या चित्रापासून काहीही लाभ झाला नाही असेच सांगितले. हेतू उत्तम, कार्य मोठे, आणि तरीही बेचाळीस वर्षे एक स्त्री स्वतःच्या चेहऱ्यापासून तोडली गेली. उत्तम हेतूचे जर असे, तर पारितोषिकाच्या हेतूचे काय सांगावे?

खरी मेख आहे ती वेगळीच. परवानगीवाचून कोणाचे चित्र घेतले जाते आणि कोणाचे घेतले जात नाही, ह्याची यादी प्रत्येकाने आपल्याच मोबाइलमधून काढून पाहावी. त्यात हमाल सापडेल, भिकारीण सापडेल, आदिवासी पोर सापडेल, घाटावर ओलेत्याने उभी राहिलेली म्हातारी सापडेल. आपल्या वरिष्ठांच्या पत्नी क्लबात शिंकल्या, तेव्हाचे चित्र मात्र सापडावयाचे नाही. क्लबही चारचौघांची जागाच आहे. मग तेथे हात का आखडतो? कारण तेथे विचारल्यावाचून चित्र घेतल्यास जाब विचारला जाईल हे आपणांस पक्के ठाऊक असते. म्हणजे आपला शिष्टाचार दुसऱ्याच्या ताकदीवर मोजलेला आहे. त्यास शिष्टाचार म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

ह्याचे टोक कोठवर जाते ते आपण पाहिले आहे. अंदमानातील जारवा लोकांच्या रक्षणासाठी 1956 पासून नियम आहेत आणि त्यांची छायाचित्रे घेणे हा गुन्हा आहे. तरीही 2012 साली अन्नाच्या आमिषाने जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत जगभर दाखविली गेली. राजस्थानात प्रतापगढ येथे 2017 च्या जून महिन्यात, उघड्यावर शौचास बसलेल्या स्त्रियांची चित्रे स्वच्छतेच्या नावाखाली नगरपालिकेची माणसे घेत होती, असा आरोप झाला. त्यास हरकत घेणारा एक गृहस्थ त्या झटापटीनंतर मरण पावला. मृत्यूच्या कारणाविषयी वाद झाला, तो आम्ही येथे उकरीत नाही. परंतु हातात सरकारी काम आणि सरकारी कॅमेरा आला की समोरची स्त्री केवळ 'पुरावा' होते, ही वृत्ती कोणत्याही वादापलीकडची आहे. घोंगडी वाटताना घोंगडीवर एक हात, गरिबाच्या खांद्यावर दुसरा हात, आणि तोंड कॅमेऱ्याकडे, अशी चित्रे आपल्यापैकी कितींच्या कचेरीत लागलेली आहेत! त्या गरिबाने नकार दिला असता तर घोंगडी मिळाली असती काय? जेथे नकार देता येत नाही, तेथील होकारास काडीची किंमत नाही.

कोणी म्हणेल, लोकांना आवडते, ते आपण होऊन पुढे येतात. येतात ना! मग विचारण्यास अडचण ती कसली? विचारल्याने चित्रातला सहजपणा जातो अशी कलावंतांची तक्रार असते. ती काही अंशी खरी आहे. त्यावर तोड साधी आहे : चित्र घेतल्यावर विचारा, ते दाखवा, आणि नको म्हटले तर तेथल्या तेथे पुसून टाका. होमाई व्यारावाला ह्यांनी दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सर्वांची चित्रे घेतली. नव्या छायाचित्रकारांचे वर्तन न रुचल्याने 1970 च्या सुमारास त्यांनी हा व्यवसायच सोडला. त्यांच्या चित्रांत सहजपणा नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता थोडे आपल्या घरचे. दोन वर्षांपूर्वी आपल्याच गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या लेकीसुनांची जवळून घेतलेली चित्रे कोणा स्थानिक तरुणाने आपल्या मोबाइलवरून गावभर फिरविली. मिरवणुकीचे दृश्य घेणे वेगळे आणि एकेका मुलीचा चेहरा टिपून तो वाटणे वेगळे, हे त्या वेळी आपणां सर्वांस लख्ख दिसले. सभा भरली, निषेधाचा ठराव झाला, 'परप्रांतात राहणाऱ्यांची अब्रू' ह्या विषयावर जोरदार भाषण झाले. ते भाषण कोणी केले? 'लज्जा' ह्या चित्राच्या कर्त्यांनीच! त्या दिवशी ते जे बोलले त्यातील अक्षर न् अक्षर आम्हांस मान्य आहे. नळावरची बाईही कोणाची तरी लेक वा सून असेल एवढेच त्यांनी ध्यानात घ्यावे. आणि कोणाचीच नसली, तरी ती स्वतःची आहे. शिवाय ह्या प्रांतात आपण आलेले आहो, ती येथलीच आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नसावी.

दुसऱ्यास बोल लावताना आम्ही स्वतःस सोडीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दौऱ्यात नदी ओलांडताना नावाड्याचे एक चित्र आम्ही घेतले. विचारून घेतले, एवढे समाधान आहे. त्याने एक प्रत मागितली. पत्ता म्हणून घाटाचे नाव सांगितले. आम्ही ते डायरीत टिपून घेतले आणि प्रत कधीच धाडली नाही. ते चित्र आज आमच्या भिंतीवर आहे, आणि येणारे-जाणारे त्याची स्तुती करतात. प्रत्येक स्तुतीबरोबर ते देणे वाढत चालले आहे असे आम्हांस अलीकडे वाटू लागले. ह्या महिन्यात त्या घाटाच्या नावाने एक प्रत आम्ही टपालात टाकली आहे. पोहोचेल ह्याची आशा थोडी आहे.

म्हणून मंडळींपुढे आमची एक साधी सूचना आहे. पुढील प्रदर्शनात ज्या चित्रात एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा हाच विषय असेल, त्या चित्रामागे त्या माणसाचे नाव आणि त्याने ते मांडण्यास दिलेली संमती लिहिलेली असावी. लहान मूल असल्यास आईबापांची. गर्दी, मिरवणूक, बाजार ह्यांच्या सर्वसाधारण दृश्यांस ही अट नसावी, आणि अन्यायाची साक्ष देणाऱ्या चित्रांसही नसावी. मात्र ती साक्ष कशाची, हे कर्त्याने दोन ओळींत सांगावे. स्नान, शोक, आजार आणि भीक ह्या चार अवस्थांतील माणूस हौसेचा विषय करू नये. आणि 'लज्जा' हे चित्र घेणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी एकदा त्या नळावर जावे. गाडी लांब उभी करावी, शिपायास घरी ठेवावे, आणि त्या बाईंना ते चित्र दाखवून त्यांचे नाव विचारावे. त्या काय म्हणतील हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्या जे म्हणतील ते पारितोषिकाच्या निर्णयाहून वरच्या न्यायालयाचे मत आहे असे समजून त्यांनी ते पाळावे.